ओहोटीचे धन : गोव्याच्या किनाऱ्यावरील तिसऱ्या आणि रापण

पेडण्यातील तेरेखोलपासून काणकोणातील पोळ्यापर्यंत पसरलेल्या गोव्याच्या किनाऱ्यावरील मासेमारीचा विषय निघाला म्हणजे डोळ्यांपुढे उभे राहतात ते ट्रॉलर, धक्के आणि बर्फाचे कारखाने. परंतु ह्याच किनाऱ्यावर मासेमारीचा आणखी एक प्रकार फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. त्याला इंजिन लागत नाही, डिझेल लागत नाही. कित्येकदा होडीही लागत नाही. पाणी मागे हटले की खाडीच्या वाळवटावर उतरून तिसऱ्या वेचावयाच्या, खडकावरची कालवे फोडावयाची, लाटांच्या फुटीत उभे राहून पागेर टाकावयाचे किंवा पाच-पन्नास माणसांनी मिळून रापण ओढावयाची, असा हा व्यवसाय आहे. त्यात गुंतवणूक थोडी आणि अंगमेहनत फार. तिसऱ्या वेचण्याचे काम तर बव्हंशी स्त्रियाच करतात. त्यांचा माल बाजारात वांट्यांनी, म्हणजे लहान लहान ढिगांनी विकला जातो. तो तराजूवर चढत नाही, आणि म्हणूनच उत्पादनाच्या आकडेवारीत त्याचे प्रतिबिंब पुरेसे उमटत नाही. जे मोजले जात नाही ते घटू लागले तरी लवकर ध्यानात येत नाही. ह्या धनाचा ऱ्हास कशाने होतो आणि तो थांबविणे गावाच्या हाती कितपत आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरच्या ह्या कामाचे घड्याळ चंद्राच्या हाती आहे. चोवीस तासांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि दररोज त्यांची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या आसपास उधाण असते. त्या वेळी पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व पाण्याची हालचाल मंद राहते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटरांहून अधिक भरते. भांगाच्या दिवसांत ते बरेच कमी होते. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. त्यांपैकी एक अधिक खोल जाते, हे जाणती माणसे अनुभवाने ओळखतात.

तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जे तास येतील ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, ह्याप्रमाणे. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. ही रीत मुंबईच्या बाजूला बरीचशी जुळते. गोव्यात भरती मुंबईपेक्षा काहीशी अगोदर येत असल्याने येथे त्यात थोडी वजाबाकी करावी लागते. उधाणाच्या दिवसांतील खोल ओहोटी आपल्याकडे पहाटे व सायंकाळी येते, ती ह्याच हिशेबाने. पौर्णिमेच्या पहाटे पाट्या घेऊन खाडीकडे निघालेल्या बायका ह्या गणिताचे पुस्तक कधी उघडीत नाहीत, परंतु त्यांचे उत्तर सहसा चुकत नाही. नेमक्या वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. शाळेच्या फळ्यावर रोजची वेळ लिहिण्याचा परिपाठ ठेवल्यास भूगोलाचा एक धडा आपोआप शिकवून होईल.

हे गणित केवळ सोयीचे नाही. त्यावर जीव अवलंबून असतो. खाडीतील वाळवट सपाट दिसले तरी मध्येच नाळी असतात. भरती सुरू झाली की पाणी प्रथम ह्या नाळींतून मागच्या बाजूने भरते, आणि वाळवटावर वाकून काम करणाऱ्याला परतीची वाट बंद झाल्याचे उशिरा कळते. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी उतरावे आणि पाणी फिरले की माघारी निघावे, हा नियम पाळावयास हवा. उघड्या समुद्रावर धोका निराळा आहे. लाटांची रांग जेथे मध्येच तुटलेली आणि पाणी शांत दिसते, तेथेच बहुधा समुद्राकडे जाणारी ओढ असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याचा प्रयत्न करू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे. उंच लाटांची पूर्वसूचना हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळते. ती आलेली असताना गरी घेऊन खडकावर जाऊन बसण्यात शहाणपण नाही.

रापण

उघड्या किनाऱ्यावरील सामुदायिक मासेमारीत रापणीचे स्थान पहिले. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकीत जावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ती ओढीत एकमेकांजवळ यावयाचे, अशी तिची पद्धत आहे. तारले व बांगडे ह्यांचे थवे किनाऱ्यालगत येतात तेव्हा रापणीला मोठा पाडा लागतो. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. ज्याच्याकडे जाळे नाही आणि होडीही नाही, त्यालाही दोरीला हात लावल्याचा हिस्सा मिळतो. रापणीची ही व्यवस्था एका अर्थी गावाची पतपेढीच होती.

१९६०च्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले. त्यांची जाळी तळ घासून जातात. खोल समुद्रासाठी आलेली ही साधने कोळंबीच्या मोहाने किनाऱ्यालगतच वावरू लागली, तेव्हा रापणीकडे येणारे थवे वाटेतच अडू लागले. १९७०च्या दशकात रापणकारांनी ह्याविरुद्ध संघटितपणे आवाज उठविला. त्यांच्या आंदोलनामागोमाग गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८० अस्तित्वात आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व कायद्याने मान्य झाले. पावसाळ्यातील मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे. प्रखर कृत्रिम दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. समुद्रावरचा पहारा कठीण असतो. नियम मोडणाऱ्या होड्या रात्री येतात आणि पहाटेपूर्वी निघून जातात. तथापि निदान तक्रार कोणाविरुद्ध व कोणत्या कलमाखाली करावयाची एवढे तरी रापणकाराला आज सांगता येते. तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रीला तेवढाही आधार नाही, कारण तिचा प्रश्न एखाद्या होडीने निर्माण केलेला नाही.

वाळूखालचा जीव

तिसरी हा दोन शिंपांचा मृदुकाय प्राणी. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ ह्या नद्यांच्या मुखाशी व खाड्यांत तिच्या अनेक जाती आढळतात. मेरेट्रिक्स कास्टा व पाफिया मलबारिका ह्या त्यांतील प्रमुख. अधिक आत, जेथे पाणी मचूळ होते तेथे व्हिलोरिटा ही काळसर शिंपांची जात राहते. लोकव्यवहारात तिसऱ्या, खुबे अशी नावे चालतात व ती गावागणिक थोडी बदलतात. खडकाला चिकटणारी शिनाणी व कालवे ही निराळी. झुआरीच्या चिखली परिसरात मिळणाऱ्या मेंडीच्या पातळ, पारदर्शक शिंपा पूर्वी काचेऐवजी खिडक्यांना बसवीत. जुन्या घरांतून त्या आजही पाहावयास मिळतात. मेंडीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, ही गोष्ट किनाऱ्यावरील पुष्कळांना ठाऊक नसते.

तिसरी वाळूत अगर रेताड चिखलात काही बोटे खोल पुरून राहते. तिच्या अंगाला दोन नळ्या असतात. एकीने ती पाणी आत घेते, दुसरीने बाहेर टाकते, आणि दरम्यान पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व सेंद्रिय कण गाळून खाते. वाळवटावर शेजारी शेजारी दोन बारीक भोके दिसली की खाली तिसरी आहे असे समजावे, ही वेचणाऱ्यांची खूण ह्या नळ्यांचीच. पायाचा दाब पडला की भोकातून पाण्याची चिळकांडी उडते. मग खुरप्याने किंवा नुसत्या बोटांनी ती उकरून काढतात. कमरेएवढ्या पाण्यात ती पायांच्या बोटांनी चाचपून शोधतात. हे कौशल्य लहानपणीच अंगी मुरते.

तिसऱ्यांमध्ये नर व मादी वेगळे असतात. ते आपले बीज पाण्यात सोडतात व फलन पाण्यातच होते. अंड्यांतून निघालेली सूक्ष्म पिले काही दिवस प्रवाहाबरोबर तरंगतात आणि नंतर योग्य वाळू सापडली की तळाशी बसतात. एकदा बसली की पुढचे आयुष्य त्याच परिसरात जाते. मासा एका जागी त्रास झाला तर दुसरीकडे जातो. तिसरी जाऊ शकत नाही. शिवाय एका मादीचे बीज वाया जाऊ नये तर जवळपास पुरेशा संख्येने दुसऱ्या तिसऱ्या असाव्या लागतात. तळ विरळ झाला की उरलेल्या असूनही प्रजा वाढत नाही. म्हणून तिसऱ्यांचा तळ हळूहळू रोडावत नाही. बराच काळ भरल्यासारखा दिसतो आणि मग दोन-तीन हंगामांत रिकामा होतो.

तळ रिकामे का होतात

पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी खाडीत भरते तेव्हा तिसऱ्यांची मर स्वाभाविकपणेच होते. जातिवंत तळ ती भरूनही काढतो. जे भरून निघत नाही ते नुकसान माणसाकडून होते. त्यातील एक कारण गाळ. खाणींतून निघालेली माती पावसाबरोबर मांडवी व झुआरीच्या खोऱ्यांत उतरत आली. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. ए. एच. पारुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाणकामाचा गोव्याच्या खाड्यांतील तिसऱ्यांच्या उत्पादनावर व तळावरील इतर जीवांवर विपरीत परिणाम झाल्याचे नोंदविले आहे. बारीक माती तळावर साचली की गाळून खाणाऱ्या प्राण्याची नळी बुजते, आणि वाळूच्या शोधात आलेल्या पिलांना बसावयास जागा उरत नाही. वाळूचा उपसा, सांडपाणी, खाजनांच्या मानशींची दुर्दशा ह्यांची भर त्यात पडते. ओहोटीत उघडा पडणारा पट्टा किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी १९९१ पासून संरक्षित केला आहे. परंतु तो कागदावर जितका स्पष्ट दिसतो तितका चिखलात दिसत नाही. तेथे भराव पडला तर तो प्रथम पाहणार गावकरीच, आणि वेळेवर लेखी कळविणे ही पंचायतीची जबाबदारी ठरते.

दुसरे कारण अधिक जवळचे, आणि बोलावयास काहीसे अवघड आहे. मागणी वाढली, भाव वाढला, की बोटाच्या नखाएवढ्या तिसऱ्याही पाटीत पडू लागतात. त्यांत मांस नाममात्र असते. एक वांटा भरावयास त्या शेकड्यांनी लागतात, आणि त्यांपैकी एकीनेही अद्याप बीज सोडलेले नसते. भाताचे बी कोणी कणगीतून काढून शिजवून खात नाही. खाडीत मात्र नेमके तेच घडते. ह्याचा दोष वेचणाऱ्या स्त्रीला देऊन भागणार नाही. आपण सोडलेली लहान तिसरी उद्या दुसरा कोणीतरी उचलील, ही तिची शंका रास्त आहे. कुंपण नसलेल्या शेतात एकट्याने संयम पाळणे म्हणजे दुसऱ्याची पाटी भरणे. संयम पाळावयाचा तर तो सर्वांनी मिळून, उघडपणे ठरवूनच पाळावा लागतो.

अष्टमुडीत काय झाले

असे ठरविता येते काय, ह्याचे उत्तर केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत मिळते. तेथे १९८०च्या दशकात पाफिया मलबारिका ह्याच जातीच्या तिसऱ्यांना परदेशातून मागणी आली व उपसा झपाट्याने वाढला. १९९१ साली वार्षिक उत्पादन १० हजार टनांपर्यंत गेले, आणि १९९३ पर्यंत ते जवळजवळ निम्म्यावर आले. त्यानंतर केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या सल्ल्याने व मच्छीमारांच्या संमतीने काही निर्बंध घालण्यात आले. प्रजननाच्या हंगामात, डिसेंबर ते फेब्रुवारी, वेचणी बंद. जाळ्याचे आस ३० मिलिमीटरांपेक्षा लहान नकोत. एका किलोत १,४०० पेक्षा अधिक नग भरतील इतके बारीक मांस निर्यातीसाठी घ्यावयाचे नाही. ह्या शेवटच्या अटीत मोठी व्यवहारबुद्धी आहे: पहारा खाडीवर न ठेवता खरेदीदाराच्या दारात ठेवला गेला. उत्पादन सावरले, आणि २०१४ साली ह्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील कोणत्याही मासेमारीला मिळालेले ते पहिलेच.

गोव्याच्या खाड्या लहान आहेत, येथील माल निर्यातीसाठी नसून घरच्या हुमणासाठी व एकशिपीसाठी आहे, आणि हंगामही तंतोतंत तोच असेल असे नाही. म्हणून अष्टमुडीचे नियम उचलून येथे लावता येणार नाहीत. त्यामागची रीत मात्र घेण्याजोगी आहे. ज्या गावाच्या हद्दीत तळ आहे त्या गावच्या ग्रामसभेत वेचणाऱ्या स्त्रियांना प्रथम बोलू द्यावे. तळ कोठे दाट आहे, पिले कोठे बसतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान तिसरी तेथल्या तेथे वाळूत परत टाकावी, एवढा एकच नियम सुरुवातीस पुरे. तो पाळला जातो की नाही हे बाजारात वांटा पाहून सांगता येते. गिऱ्हाइकाने बारीक माल नाकारला तर नियमाला वेगळ्या शिपायाची गरज पडत नाही. पुढे जमल्यास तळाचा एखादा पट्टा एक वर्ष न खणता सोडावा व दुसऱ्या वर्षी तो उघडून शेजारचा बंद ठेवावा. लहान तिसऱ्या परत टाकताना त्या पाण्याबाहेर उन्हात फार वेळ पडल्या नसाव्यात, एवढी काळजी घ्यावी.

शिक्षकांना ह्यात करण्याजोगे काम आहे. विद्यार्थ्यांनी घरी आलेल्या तिसऱ्यांपैकी पन्नास शिंपा पट्टीने मोजून त्यांची लांबी, महिना व वेचल्याचे ठिकाण वहीत नोंदवावे. अशी नोंद तीन-चार वर्षे सलग झाली की माल वर्षागणिक बारीक होत चालला आहे किंवा नाही हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. मत्स्योद्योग खात्याच्या अधिकाऱ्यांनाही अशी वही उपयोगी पडेल, कारण वांट्यांनी विकल्या जाणाऱ्या मालाचा दुसरा हिशेब कोठे सहसा नसतो.

खाण्यापूर्वी

तिसरी पाणी गाळून खाते, म्हणून पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात साठते. गटाराच्या किंवा नाल्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या खाऊ नयेत. स्वच्छ जागेवरून आणलेल्या तिसऱ्याही काही तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवाव्यात. त्या पोटातील रेती टाकतात. शिजविण्यापूर्वी ज्यांची शिंप उघडी आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही त्या मेलेल्या समजून टाकून द्याव्यात. शिजवूनही ज्या उघडत नाहीत त्या जोराने उघडून खाऊ नयेत. साध्या जंतूंचा बंदोबस्त नीट उकळल्याने होतो.

एक विष मात्र उकळण्याने जात नाही. समुद्रात काही सूक्ष्म वनस्पतींची एकाएकी वाढ होते. त्यांतील काही जाती विषारी असतात. तिसऱ्या व शिनाणी त्या खातात. त्यांना स्वतःला काही होत नाही, खाणाऱ्या माणसाला बाधा होते. १९८१ साली तामिळनाडूत मेरेट्रिक्स कास्टा जातीच्या तिसऱ्या खाल्ल्याने ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व तिघे दगावले. १९८३ साली मंगळूरच्या बाजूलाही असा प्रकार घडला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात शिनाणीच्या जातीच्या शिंपल्यांमुळे सात जणांचा मृत्यू झाला आणि पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. हे प्रसंग विरळा आहेत, आणि त्यांच्या भीतीने पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न टाकण्याचे कारण नाही. परंतु पाण्याला लालसर, तपकिरी किंवा हिरवट रंग चढलेला असताना, किंवा किनाऱ्यावर मासे मरून पडत असताना, तेथील कोणत्याही शिंपा खाऊ नयेत. रंग न दिसताही विष असू शकते. त्याला वेगळी चव नसते, वासही नसतो.

शिंपा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत ओठ, जीभ व बोटांची टोके बधिर होऊ लागली, मुंग्या आल्या, बोलणे जड झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ह्या विषावर उतारा नाही. श्वासाला वेळीच आधार मिळाला तर रोगी वाचतो. त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे, काय खाल्ले व ते कोठून आणले हे डॉक्टरांना सांगावे, उरलेल्या तिसऱ्या टाकून न देता बरोबर न्याव्यात, आणि त्याच तळावरून त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी माल नेला असेल त्या घरांना लगोलग निरोप पाठवावा.